दोन किलो जास्त

शर्यतीच्या मैदानावर त्याला सगळे काडी म्हणत. पोरवयात तो खरोखरच काडीसारखा होता, आणि जॉकीच्या धंद्यात याहून मोठं भांडवल नसतं. आता पस्तिशी उलटली होती, हाडं भरली होती आणि काडीपणा फक्त नावात उरला होता.

जॉकीची कमाई मोठी लहरी. घोड्यावर बसलं की ठरलेली फी, जेमतेम हातातोंडाची गाठ पडेल एवढी. घोडा जिंकला तर बक्षिसाचा दहावा हिस्सा. बसायलाच मिळालं नाही, तर घरी जाऊन भिंतींकडे बघत बसा. आणि बसायला मिळणार की नाही ते वजनकाटा ठरवायचा. घोड्याच्या पाठीवर किती वजन जाणार हे आधीच जाहीर होतं. जॉकी जीन हातात घेऊन काट्यावर उभा राहतो आणि जास्त भरला की दुसरा त्याची जागा घेतो. म्हणून काडी वर्षानुवर्षं अर्धपोटी होता. घर चालायचं ते खरं तर बायकोच्या शिलाईवर. ती जॉकींचे रंगीत सदरे शिवायची.

"बाकीच्यांची मापं घ्यावी लागतात," ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची, "आमच्याकडे घेण्यासारखं काही उरलेलंच नाही."

अशात तांबडीचा योग आला. तांबडी म्हणजे पागेतली तापट घोडी. रोज सकाळी तिला पळवायचं काम काडीकडेच होतं. दुसरं कोणी बसलं की ती कान मागे पाडून उभी राहायची. पागेच्या ट्रेनरबाई साठीच्या होत्या, आवाजाने खणखणीत. एका सकाळी त्यांनी त्याला कुंपणाशी गाठलं.

"रविवारी करंडकाची शर्यत. तांबडी उतरतेय. वजन मात्र फार हलकं आलंय तिच्या वाट्याला. तुला जमेल?"

"जमेल की, बाई," तो बोलून गेला.

करंडकाचा दहावा हिस्सा म्हणजे त्याच्या वर्षभराच्या कमाईहून जास्त. त्या दिवसापासून त्याने पाणीसुद्धा मोजून मापून प्यायला सुरुवात केली. अंगात प्लॅस्टिकचं जाकीट, वर दोन स्वेटर, आणि भर उन्हात धावणं. संध्याकाळी वाफेच्या खोलीत बसून राहणं. पोटात कावळे ओरडत होते, जिभेला कोरड पडत होती, पण काटा ढिम्म हलेना. अजून दोन किलो जास्तच.

बुधवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा पाच वर्षांची लेक जेवायच्या टेबलाजवळ बाहुली घेऊन बसली होती. बाहुलीला तिने स्वयंपाकघरातल्या तराजूत ठेवलं होतं.

"हिला आज जेवण नाही," लेकीने जाहीर केलं. "हिचं वजन वाढलंय."

काडी हसला. बायको मात्र हसली नाही. तिने लेकीपुढे भात आणि बटाट्याची भाजी वाढली. लेकीने ताटली दूर सरकवली.

"मलापण नको. मी बाबांसारखी होणार."

"खा गं राणी, थट्टा पुरे," बायको म्हणाली.

"थट्टा नाही. कालपण मी शाळेतला डबा टाकून दिला."

काडीच्या पायाखालची जमीन सरकली.  बायकोने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. त्याने खुर्ची ओढली. मग बसला आणि म्हणाला, "मलापण वाढ."

"रविवारचं काय?" बायकोने विचारलं.

"आधी वाढ तर."

पहिला घास घशाखाली उतरायला त्रास झाला. दुसरा सरळ गेला. लेक टक लावून बघत होती. त्याने पुन्हा भात मागितला, तेव्हा तिने हळूच आपली ताटली जवळ ओढली.

सकाळी तो ट्रेनरबाईंपुढे जाऊन उभा राहिला. "बाई, माझ्याच्यानं वजन उतरणार नाही. रविवारीही नाही आणि यापुढेही नाही."

बाईंचा पारा चढला. "ऐन वेळेला सांगतोस? मालकाला काय तोंड दाखवू मी?"

"भिंगरीला बसवा. ती वजनात आरामात बसते. तीन दिवस मी तिला तांबडीबरोबर तयार करतो."

भिंगरी ही विशीतली जॉकी. तिच्या वाट्याला आजवर सगळे रडके घोडेच आले होते. पहिल्याच सकाळी तांबडीने तिला चिखलात लोळवलं.

"दादा, ही मला उभीसुद्धा करत नाही!" ती कपडे झटकत म्हणाली.

"तू तिला हुकूम सोडतेस. जरा गप्पा मार. आणि वळणावर तिला गर्दीत कोंडू नकोस, बाहेरून येऊ दे. लांब पडलं तरी चालेल."

शनिवारपर्यंत दोघींचं बऱ्यापैकी सूत जुळलं.

रविवारी काडी आयुष्यात पहिल्यांदा कठड्याच्या अलीकडे, प्रेक्षकांत उभा होता. हात कुठे ठेवावेत तेच त्याला कळेना. तांबडी वळणावर बाहेरून आली, एकेकाला मागे टाकत सुटली, आणि शेवटी मानेच्या अंतराने हरली. दुसरी आली. काडी इतका ओरडला की शेजारच्या माणसाने कानावर हात ठेवले. घोडी हरली आणि हिस्साही गेला होता, तरी मनाला कुठे ठेच लागली नाही, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

ट्रेनरबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "दुसऱ्या नंबराचं का होईना, इतकं मोठं बक्षीस या घोडीने कधी आणलं नव्हतं. मालक खूश आहे. उद्यापासून माझा मदतनीस म्हणून ये. घोडे आणि नवे जॉकी, दोन्ही तयार करायचे. पगार महिन्याचा महिन्याला." त्यांनी आकडा सांगितला.

काडी हो म्हणणारच होता, पण शर्यत बघायला आलेल्या बायकोने मागून त्याचा शर्ट ओढला.

"पागेच्या बक्षिसांतही थोडा वाटा हवा, बाई," ती म्हणाली.

"घोडा याने ओळखायचा आणि भाव तू करायचा, असं दिसतंय," बाई गुरगुरल्या. पण वाटा कबूल केला.

पुढच्याच महिन्यात दाट धुकं पडलं आणि शर्यतींचे दोन आठवडे रद्द झाले. जॉकी लोक हवालदिल होऊन फिरत होते. काडी मात्र रोज पागेत जाऊन एका बुजऱ्या शिंगराला लगामाची सवय लावत होता. महिनाअखेर पूर्ण पगार जमा झाला. तो धावतच घरी आला.

"अगं, दोन आठवडे एकही शर्यत झाली नाही आणि तरी पूर्ण पैसे आलेत! चुकून तर आले नसतील ना? परत द्यायला हवेत का?"

बायको हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याला पगार म्हणतात, वेड्या," ती म्हणाली.

तोही हसला. मग घड्याळाकडे बघून तसाच मागे फिरला. शिंगरू वाट बघत होतं आणि आज पहिल्यांदाच त्याच्या पाठीवर भिंगरी बसणार होती.