मोडाचं रक्त

"आता बरे आहेत ना भागोजीकाका?" दीक्षाने फोनवर विचारलं. महाडच्या एका खासगी दवाखान्यात ती नर्स होती. आतड्यातली गाठ काढलेल्या पेशंटला सहाव्या दिवशी फोन करायचं काम तिच्याकडे होतं.

"बरं हाय गो," कुडपण गावाहून त्यांची बायको तुळजाबाई म्हणाल्या. "मोडाचं रक्त तेवढं जातंय. जायचंच म्हना."

दीक्षा ताडकन उठली. "किती वेळा गेलं?"

"काल एकदा. आज सकाळधरनं चारदा. माज्या सासऱ्यांना मोड व्हता, त्यांचं धा वर्सं जायचं."

मोड हा शब्द दीक्षाचाच. डॉक्टर 'पॉलिप' म्हणाले तेव्हा नवराबायको एकमेकांकडे बघत राहिली. मग दीक्षाने मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "काकी, आतड्यात मोड आलाय, तो कापायचाय." सोपं बोलण्याचा तिला भारी अभिमान. पण गावात मोड म्हणजे मूळव्याध, आणि मूळव्याधीच्या रक्ताला कोण भितं? रक्त दिसलं तर लगेच या, हे तिने दोनदा बजावलं होतं. त्या एका शब्दाने सगळ्यावर पाणी पडलं. त्यात काकांची हृदयासाठीची रक्त पातळ करायची गोळी परवापासून पुन्हा सुरू झालेली.

"काकी, ही मूळव्याध नाही. काका कुठे आहेत?"

"पडवीत निजलेत. चक्कर येते म्हनतात. गोळी द्यायची हाय, ती हातातच हाय माज्या."

"देऊ नका!" ती इतक्या जोरात ओरडली की डॉक्टर बाहेर आले. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

"गोळी बंद. मिळेल त्या गाडीने आत्ता आणायला सांग," म्हणत ते रक्ताच्या सोयीला लागले.

तुळजाबाईंच्या शेजारच्या किशोरने जीप काढली. दीक्षा त्याला सारखे फोन लावत होती. घाटात एकदाच लागला. "काका बोलतायत का?" तिने विचारलं आणि रेंज गेली. जीप पोलादपूरला येईपर्यंत फोन पुन्हा लागलाच नाही. काका गेले तर आपण मारले, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जीप आली. काका पांढरेफटक पडले होते. अंगाखाली खताची रिकामी गोणी होती. "शीट खराब नाय ना झाली रे?" ते किशोरला विचारत होते.

डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतल्या जखमेला चिमटा लावला. रक्त थांबलं. बाहेर येऊन ते तुळजाबाईंवर खेकसले, "कालपासून वाट कसली बघत होतात?"

"चुकलं सायेब. अडाणी मानसं आमी."

"त्यांचं नाही चुकलं, सर," दीक्षा म्हणाली. "मोड मी म्हटलं होतं."

डॉक्टर तिच्याकडे वळले, तशा तुळजाबाई मध्ये आल्या. "ऱ्हाऊ द्या सायेब. पोरीनंच तर फोन केला." त्यांनी दीक्षाच्या पाठीवरून हात फिरवला.

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दीक्षाला वाटलं.