मागचं येणं

संगणकाच्या सीडी लिहिणाऱ्या खणानं कोरी तबकडी गिळली, दोनदा घरघर केली आणि होती तशी बाहेर टाकली.

"रुसलेल्या पोरासारखं करतंय मेलं. घास तोंडात घेतंय नि काढतंय," शिंपीबाबा फोनवर लेकीला म्हणाले.

वायर काढून घट्ट बसवून झाली होती, भिंगावरून मलमलीचा बोळा फिरवून झाला होता, नव्या तबकड्याही आणून झाल्या होत्या. पडद्यावर आपलं तेच: परवानगी नाही.

आतल्या खोलीत आई जुनी सीडी ऐकत होती. तिला आता दिसत नसे. प्लेअरची बटणं ती बोटांनी ओळखायची. सीडीत तिचीच अंगाई होती, पण तिचा जीव अडकला होता शेवटच्या शब्दांत. ध्वनिमुद्रण करताना थोरला लेक म्हणाला होता, "आई, अजून एक." गेल्या हिवाळ्यात थोरला गेला. तेव्हापासून ती सीडी इतकी फिरली, की नेमके तिथेच चरे पडले. मूळ ध्वनिमुद्रण संगणकात शाबूत होतं; त्याचीच नवी सीडी काढायची होती.

"आई, अजू... अजू..."

"बाबा, खण धडधाकट आहे," लेक म्हणाली. "संगणकातली ही लिनक्स प्रणाली दादानं बसवलीय. सीडी लिहायची मुभा त्यानं फक्त स्वतःच्या नावाला दिलीय."

"म्हणजे माझ्याच घरात मी परका!"

"त्याच्या नावानं आत जा. परवलीचा शब्द मी सांगते." ती जरा घुटमळली. "पण बाबा, दादा मागे कधी आत आला होता ती ओळ दिसेल. एकदाच. नंतर तिथे आजची तारीख येईल."

बाबांचा हात अधांतरी राहिला. त्यांनीच शिवलेले त्याचे सदरे वाटून झाले होते, अंथरूण गेलं होतं. एवढ्या एका ओळीला कुणाचा हात लागला नव्हता.

"लिहून ठेवा ना."

"ते माझं अक्षर होईल गं."

आतून पुन्हा आलं, "अजू... अजू..."

बाबांनी शब्द टाकला. ओळ उमटली. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशीची तारीख. चेहरा बघावा तशी त्यांनी ती बघितली. मग दातानं दोरा तोडावा तसं एक बटण दाबलं, आणि खणाचा दिवा हिरवा झाला.

नवी सीडी आत लागली. "आई, अजून एक." आईनं लगेच, चिरक्या आवाजात, एक कडवं म्हटलं:

*नीज माझ्या पाखरा, दिवा मी मालवते,*
*उंबऱ्याशी उभी मी, वाट तुझी राखते.*

"बाबा, आणखी एक काढा," लेक हळूच म्हणाली. "ही झिजेल. दुसरी ठेवणीतली."

बाबा पुन्हा त्याच्या नावानं आत शिरले. ओळीत आजची तारीख होती. मघाचीच वेळ.

भिंत चाचपत आई दारात आली. "काय म्हणतंय हो यंत्र?"

बाबांनी ओळीवर बोट ठेवलं. "म्हणतंय, थोरला आज येऊन गेला."

आई उभी राहिली, दाराची चौकट धरून.

"मग न जेवता कसा गेला?"