वाऱ्याचं काम

एका जुन्या दर्यावर्दी काव्यावर दिग्दर्शक संगीत नाटक बसवत होता. काव्यात बाई औषधालाही नव्हती, म्हणून त्याने गायिका बायकोला वाऱ्याचं काम दिलं: निळं कापड फडकवत नुसतं फिरायचं, गाणं एकही नाही. तिने मुकाट्याने मान डोलावली. भांडण टळलं म्हणून स्वारी खूश.

तालमीत वारा पडला, जहाज अडकलं, खलाशी गाऊन वाऱ्याला आळवू लागले. वारा विंगेत चहा पीत बसला. खलाशांचे घसे बसायला आले, तसा दिग्दर्शक धावला.

"अगं, ये ना आता."

"गाण्याशिवाय वारा सुटायचा नाही," ती बशीत फुंकर घालत म्हणाली.

त्याने निमूटपणे पेटी पुढे ओढली. आता नाटकात कप्तानापेक्षा वाऱ्याचीच गाणी जास्त आहेत.