राखून ठेवलेले दालन

बेकरीतली पहाटेची पाळी आटोपून ती घरी आली, तेव्हा रोजच्याप्रमाणे त्याने खुर्ची खिडकीशी ओढून घेतली होती आणि शेगडीवर चहाचे आधण उकळत होते. जिन्यावर तिची पावले वाजली की तो आधण ठेवी. वर येताना ती मधल्या वळणावर दम खायला थांबे, आणि तेवढ्या वेळात पाण्याला बरोबर उकळी फुटे. दारात तिने बाह्यांवरचे पीठ झटकले, पिशवीतून कालचा उरलेला पाव काढला आणि त्याचे काप तव्यावर घालून वर झाकण ठेवले. शिळा पाव असा मंद आचेवर झाकून भाजला की ताज्याहून चांगला लागतो, असे तिचे ठाम मत होते. आणि बेकरीत काम करणाऱ्या बाईने हे म्हणावे यात खरी गंमत आहे, असे त्याचे.

समोरच्या छपरावरून उतरलेले ऊन खाली सायकलींच्या दुकानापर्यंत पोचले, की तो कामाला बसे. तो रफू करी. कोट कुठे खिळ्याला अडकून फाटला, पाटलोणीवर ठिणगी पडली, शालीला कसर लागली, की लाँड्रीवाला तो कपडा त्याच्याकडे पाठवी. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून तो एकेक धागा सोडवून घेई आणि भोकावर मूळचीच वीण पुन्हा विणी. बाजारातला धागा कितीही जुळवला तरी उन्हात वेगळा पडतो; कपड्याची जखम कपड्याच्याच धाग्याने बुजवली पाहिजे, हे तो शिकाऊ असताना शिकला होता. काम संपले की तो कपडा तिच्यापुढे धरून विचारी, कुठे होतं सांग. तिला क्वचितच सांगता येई.

त्या दिवशी मात्र चहा संपायच्या आत लाँड्रीवाला स्वतःच जिना चढून आला. त्याने आदल्या दिवशी नेलेला राखाडी कोट टेबलावर ठेवला, गिऱ्हाइकाची थोडी तक्रार आहे एवढेच सांगितले, आणि चहाला नको म्हणून उभ्या उभ्याच निघून गेला. इतक्या वर्षांत असे कधी झाले नव्हते. त्याने कोट खिडकीशी नेला, उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला, आणि गिऱ्हाईक खुळे आहे म्हणाला. त्याला काहीच दिसत नव्हते. तिला ते शेगडीजवळून दिसले. खांद्याच्या खाली वीण तिरकी गेली होती. एक धागा सोडून उचलायचा तिथे सुई दोन धागे सोडून गेली होती.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे, त्यांनी सांगितले. चष्मा बदलून फरक पडणार नाही, शस्त्रक्रियेचाही उपयोग नाही. जिथे टक लावून पाहाल, नेमके तिथेच धूसर होत जाईल. हळूहळू, वर्षभरात किंवा त्याहून जरा जास्त काळात. पूर्ण अंधार कधी होणार नाही. कडेचे दिसत राहील.

परतताना ते चालतच आले, कारण ते नेहमीच चालत. मोठ्या रस्त्यावर हिरव्या दिव्यासाठी थांबले असताना तो पहिल्यांदा बोलला.

“म्हणजे आता तुझ्याकडे सरळ बघून चालायचं नाही. तिरकंच बघायचं. लग्नाआधी बघायचो तसं.”

तिने त्याचा हात धरून रस्ता ओलांडला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

पोटापाण्याचा प्रश्न अनपेक्षितपणे लवकर सुटला. लाँड्रीवाल्याला सगळे खरे सांगितले, तेव्हा तो म्हणाला की इस्त्री आणि घड्या करायला त्याला विश्वासाचा माणूस हवाच आहे, आणि मास्तरांचे हात काही अधू झालेले नाहीत. ते ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. पण तिच्या मनात दुसरेच काही सलत होते, आणि ते तिला कुणाला सांगण्यासारखे वाटत नव्हते. ते होते संग्रहालयातल्या चित्रांविषयी.

शहरातले चित्रसंग्रहालय महिन्यातल्या पहिल्या बुधवारी दुपारनंतर सर्वांना फुकट असे. लग्नानंतर ते दोघे पहिल्यांदा गेले, तेव्हा फुकट आहे म्हणून अधाशासारखे सगळे पाहून आले होते. घरी पोचेपर्यंत डोकी दुखू लागली आणि आठवत मात्र काहीच नव्हते. त्याला एक कुत्रे आठवत होते, तिलाही एक कुत्रे आठवत होते. पण त्याचे कुत्रे शिकाऱ्याच्या पायाशी होते आणि तिचे जेवणाच्या टेबलाखाली. भांडण मिटवायला ते पुढच्या महिन्यात पुन्हा गेले, तर ते मांजर निघाले. तेव्हा तिने नियम घातला, एका भेटीत एकच चित्र. जिन्याशेजारच्या पहिल्या दालनापासून सुरुवात करायची, ओळीने जायचे, मधले काही वगळायचे नाही आणि पुढचे काही चोरून पाहायचे नाही.

तो नियम त्यांनी पाळला. चित्रासमोरच्या बाकावर बसून आधी कुणीच काही बोलायचे नाही. ती भट्टीतून आलेला पावांचा ट्रे तपासावा तशी डाव्या खालच्या कोपऱ्यापासून ओळी धरून बघे. तो कापड तपासावे तसा काठांवरून आत जाई आणि चित्रकाराने कुठे मन बदलले, कुठे आधीचा हात पुसून दुसरा काढला, ते शोधी. त्याला तो ‘रफू’ म्हणे. मग बाहेरच्या पायऱ्यांवर बसून थर्मासमधला चहा, बरोबर पावाचे काप आणि गप्पा. रात्री जेवताना परीक्षा होई. खिडकीत काय ठेवलं होतं, म्हातारीच्या कुठल्या हातात पत्र होतं, असे प्रश्न ते एकमेकांना घालत, आणि हरणाऱ्याने भांडी घासायची. लेक लहान होती तेव्हा परीक्षक तीच असे. पुढे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, आणि आई-बाबा चित्रेसुद्धा रेशनवर बघतात, असे फोनवर सगळ्यांना हसून सांगू लागली.

अशी एकेक करत बहुतेक दालने झाली. वरच्या मजल्यावरचे कोपऱ्यातले, मोठ्या खिडक्यांचे दालन तेवढे राहिले होते. ते सर्वांत सुंदर आहे असे लोक म्हणत. म्हणून तिने मुद्दाम ओळ मोडून ते शेवटासाठी राखून ठेवले होते. अडचण एवढीच होती की मुतारीकडे जायची वाट त्याच्या दारावरूनच होती. दोघेही तिथून जाताना डोळ्याच्या बाजूला हात आडवा धरत, टांग्याच्या घोड्याला झापड लावावी तसा. मोठ्या मिशांचा पहारेकरी हे पाहून दर वेळी विचारी, “काय मास्तर, आत सासरेबुवा बसलेत काय?”

आता त्या राखून ठेवण्याचा तिला राग येत होता. त्याच्या इस्त्रीच्या कामाच्या तिसऱ्या दिवशी टेबल पुसता पुसता ती एकाएकी बोलू लागली, आणि बोलताना त्याच्याकडे पाहत नव्हती. आपल्याच चिकटपणापायी त्याचे नुकसान झाले. लोक एका दुपारी सगळे बघून मोकळे होतात, आणि आपण मात्र सुखालासुद्धा कुलूप लावून बसलो. येत्या पहिल्या बुधवारी ते दालन भिंतीपासून भिंतीपर्यंत सगळे बघून घ्यायचे, डोके दुखले तरी चालेल.

त्याने तिला पुरते बोलू दिले. मग शांतपणे सांगितले की तसे तो बघणार नाही. घाईघाईने बघितलेल्या चित्रांचे काय होते, ते त्यांनी एकदा अनुभवले आहे. पुन्हा कुत्र्याचे मांजर करायचे नाही. आणि नुकसान कसले? गेले तीन दिवस तो इस्त्री करताना डोक्यात एकेक चित्र उभे करून बघत होता. पहिल्या दालनातली म्हातारी तिच्या पत्रासकट जागेवर होती. बर्फातले घोडे होते. पुलाखालची बाई होती, आणि तिचा नंतर रफू केलेला डावा हातसुद्धा. एकही चित्र हरवले नव्हते.

“डोळ्यानं बघितलेलं पुसलं जातं,” तो म्हणाला. “ही चित्रं तू घोकून घेतलीयस माझ्याकडून. भांडी घासायला लावून.”

ती हसली नाही. कोपऱ्यातल्या दालनाचे काय, तिने विचारले.

तेव्हा तो जरा चुळबुळला. त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुन्हा न लावता हातातच धरून ठेवला.

“ते थोडंसं बघितलंय मी,” तो म्हणाला. “तू चिडशील म्हणून बोललो नाही. हाताआडून. दारावरून जाताना.”

“कधी?”

“दर वेळी.”

ती पुसायचे फडके हातात घेऊन तशीच उभी राहिली. इतकी वर्षे हा माणूस तिच्या शेजारून घोड्यासारखी झापड लावून चालत होता, आणि झापडीच्या फटीतून बघत होता.

“काय दिसलं?”

“समोरच्या भिंतीवर मोठं चित्र आहे. पिवळं. पिकलेलं शेत असावं. सरळ कधीच बघितलं नाही, शप्पथ. डोळ्याच्या कडेनंच.” मग क्षणभर थांबून तो म्हणाला, “कडेचं दिसत राहील म्हणाल्या ना बाई.”

तिने फडके धुतले, पिळले आणि दोरीवर टाकले.

दुसऱ्या दिवशी तिने बेकरीतल्या मालकिणीशी बोलून दुपारच्या विक्रीच्या पाळीतून आठवड्यातली एक दुपार मोकळी करून घेतली. त्या बदल्यात सुटीच्या दिवशी सकाळी जायचे कबूल केले. घरी येऊन कपाटातून आपला हिवाळी कोट काढला. नव्या कोटासाठी ती बऱ्याच दिवसांपासून डब्यात पैसे टाकत होती, कारण याचे कोपर गेल्या वर्षी पार गेले होते. आता तिने ते कोपर खिडकीशी नेऊन त्याने केलेल्या रफूची जागा शोधली. आत हात घालून ताणले, बोटांनी चाचपले. कुठे फाटले होते ते तिला अजूनही सापडेना. हा कोट आणखी चार हिवाळे सहज काढील, असे तिने ठरवले. कोट पुन्हा खुंटीला अडकवला, आणि डबा तेवढा खाली काढला.

गुरुवारी तिने त्याला इस्त्रीवरून परस्पर बोलावून घेतले. संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना त्याला वाटले की ती वार चुकली आहे, आणि तसे त्याने सांगितलेही. आज पैसे पडतील, तो दोनदा म्हणाला. तिने पर्समधून आधीच काढून ठेवलेली दोन तिकिटे दारावर दाखवली. आयुष्यात प्रथमच त्यांनी तिकीट काढले होते. मिशीवाल्या पहारेकऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि लॉटरी लागली काय वहिनी, असे विचारले. दर गुरुवारी लागणार आहे, ती म्हणाली.

वरच्या मजल्यावर ते मुतारीच्या वाटेला लागले. दारापाशी येताच त्याचा हात सवयीने वर गेला. तिने तो धरून खाली घेतला, आणि दोघे आत गेले.

दालन खरोखरच सुंदर होते. खिडक्यांतून आलेले दुपारचे ऊन लाकडी जमिनीवर पसरले होते आणि भिंतींवर चित्रे फार नव्हती. तिने कुठेही न बघता, नजर जमिनीवर ठेवून, त्याला समोरच्या भिंतीपर्यंत नेले. इथे बाक नव्हता, म्हणून पहारेकऱ्याने आपली खुर्ची आणून चित्राकडे तोंड करून ठेवली. त्याने आभार मानले, खुर्ची खिडकीकडे वळवली आणि चित्राकडे खांदा करून बसला. पहारेकरी बुचकळ्यात पडला. पण हळूच दारापाशी जाऊन उभा राहिला.

“आहे,” तो खिडकीकडे बघत म्हणाला. “तेच पिवळं. किती मोठं आहे गं.”

मग तिने मान वर केली. नेहमीसारखी ती आधी बराच वेळ काही बोलली नाही, आणि तोही थांबला.

“शेत नाही,” ती शेवटी म्हणाली. “भिंत आहे. उन्हातली, घराची. भिंतीला लागून टेबल मांडलंय, जेवणं झालीत. एक बाई खुर्ची मागं टेकवून बसलीय, तिला उठायचा कंटाळा आलाय. अगदी मधोमध.”

“मधलं मला नाही दिसत. मधलं तू सांग. बाई कशी आहे?”

“आपल्या वयाची. दमलेली, पण वैतागलेली नाही. हात मांडीवर. टेबलाखाली कुत्रं झोपलंय.”

“नीट बघ,” तो म्हणाला. “मांजर असेल.”

ती पुढे झाली आणि तिने वाकून पाहिले. दारातून पहारेकरी खाकरला, तशी ती एक पाऊल मागे आली. मग तिने आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि डाव्या खालच्या कोपऱ्यापासून, घाई न करता, पुन्हा सांगायला सुरुवात केली.