पाठीवरचा हात

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत गुरव्वाला मान्यच होती. तरीही कुबसाची, म्हणजे डोहाळजेवणाची ओटी भरून घेऊन, हिरवं लुगडं नेसून सून माहेरच्या टमटममध्ये बसली, तेव्हा गुरव्वाला घोर लागला, तो वेगळ्याच कारणानं. दानेश्वरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घरातले सगळे तिच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचे आणि ती डोळ्यांनी ऐकायची. पण कळ आली की बाईचे डोळे आपोआप मिटतात. गुरव्वा स्वतः तीनदा बाळंत झालेली, तिला हे कुणी सांगायला नको होतं. डोळे मिटले की या पोरीला सगळं जगच बंद. मग सिस्टर कितीही ओरडली, तरी भिंतीला सांगितल्यासारखंच.

दवाखान्यातल्या सिस्टरनं गरोदर बायकांना चटईवर घेऊन सोपे व्यायाम दाखवले होते. ओणवं होऊन पाठ वर उचलायची आणि सैल सोडायची. पायाचे तळवे जुळवून बसायचं, भिंतीला धरून सावकाश उकिडवं व्हायचं. दानेश्वरीनं बघून बघून सगळं उचललं. श्वासाचं तेवढं जमेना, श्वास काय दिसतो थोडाच! तेव्हा गुरव्वा खण विणायच्या मागावरून उठली आणि तिनं सुनेच्या पाठीवर हात ठेवला. हात कमरेपासून वर सरकला की श्वास घ्यायचा. हळूहळू खाली उतरला की सोडायचा, अंग ढिलं टाकायचं. दोनदा थोपटलं की झालं, आता विसावा. रोज दुपारी खणाचा माग थांबायचा आणि सासूसुनेची ही शाळा भरायची. पुढंपुढं दानेश्वरी मुद्दाम डोळे मिटून घेऊ लागली.

कुबसाच्या दिवशी गुरव्वा हे सगळं विहिणीच्या, निंगव्वाच्या कानावर घालायला गेली, तर ती फणकारली. "लहानाची मोठी मी केली तिला. आता माझ्या लेकीशी कसं बोलायचं, ते तुम्ही शिकवणार व्हय, विहीणबाई?" भोवतीच्या बायका फिदीफिदी हसल्या. गुरव्वा गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा तिला पुढं रोज राग येत राहिला.

काही दिवसांनी तिचा मुलगा ईरण्णा बायकोला बघून आला. "अव्वा, व्यायाम बंद हायत. तिची आई वाकूच देत नाही. बाळाला नाळेचा फास बसंल म्हणती. नुसती खाटेवर बसवून ठेवलीय."

बाळ झाल्यावर पाळणा घेऊनच सासरच्या बाईनं सुनेच्या माहेरच्या दारात जायचं, असा रिवाज. गुरव्वानं पिशवी भरली तशी शेजारीण म्हणाली, "जनाची नाही तर मनाची तरी ठेव गं."

"मनाची ठेवतेय म्हणूनच निघालेय," गुरव्वा म्हणाली आणि तिनं बस धरली.

निंगव्वानं पाण्याचा तांब्या पुढं केला, पाण्याबरोबर टोमणाही दिला. "पाळणा बसमध्येच राहिला वाटतं?"

"पाळणा आणीन हो. त्याआधी एक सांगा. हिच्या वेळेला कळा आल्या, तेव्हा तुमच्या उशाला कोण होतं?"

"माझी अव्वा."

"काय म्हणत होती?"

"काय म्हणणार? हाय गं मी, हाय मी, असं म्हणत होती."

"ते ऐकून धीर आला ना? मग हिनं काय ऐकायचं?"

खाटेवर बसलेली दानेश्वरी एकदा आईच्या ओठांकडे बघत होती, एकदा सासूच्या. निंगव्वा खाली बघत म्हणाली, "माझ्या हाताला ती दचकते."

"म्हणजे?"

"हाक ऐकू जायची नाही तिला. चुलीकडं निघाली, गाडीपुढं गेली, मी काय करणार? दंडाला धरून ओढायची, पाठीत धपाटा घालायची. अजून पाठीला हात लावला की अंग चोरते. फासाचं नुसतं निमित्त केलं. तिथं दवाखान्यात आत माझ्याच हाताला भ्याली तर?"

गुरव्वाचा राग पार विरघळला. इतके दिवस आपण या बाईला आडमुठी समजत होतो, याची तिला लाज वाटली. तिनं चटई अंथरली. "या, ओणव्या व्हा."

"मी? या वयात घोडा करताय व्हय माझा?"

"आधी तुमच्या पाठीला कळू दे, मग हाताला कळेल."

निंगव्वा कुरकुरत गुडघ्यांवर आली. गुरव्वाचा हात वर सरकला, सावकाश खाली उतरला. दानेश्वरीला हसू आवरेना. पण थोड्याच वेळात आईचे खांदे हलायला लागले आणि तिचं हसू थांबलं.

"असा हात माझ्या पाठीवरनं कुणी फिरवलाच नव्हता हो," निंगव्वा म्हणाली.

दानेश्वरी जपून खाली उतरली, आईशेजारी ओणवी झाली आणि तिनं डोळे मिटले. निंगव्वाचा हात टेकला तशी ती दचकलीच. हात उचलला गेला. गुरव्वानं तो मनगटाला धरून परत ठेवला. रिवाज मोडलाच होता, तर तिनं मुक्कामही केला. ती घरी परतली, तोवर दानेश्वरीचं दचकणं बरंच कमी झालं होतं. पूर्ण गेलं नव्हतं.

कळा सुरू झाल्याचा फोन आला, तेव्हा गुरव्वा तालुक्याच्या दवाखान्यात धावली. सिस्टरनं दारातच बजावलं, "एकच बाई आत येईल."

निंगव्वा मागं सरली. "तुम्ही जा, विहीणबाई. माझा हात थरथरतोय."

गुरव्वाला जायचंच होतं. तिनं पाऊलही उचललं. तेवढ्यात दारात उभ्या असलेल्या दानेश्वरीला कळ आली. तिनं डोळे गच्च मिटले, चाचपडत आईचा हात धरला आणि ओढून स्वतःच्या पाठीवर ठेवला.

गुरव्वाला ते लागलं, खोटं कशाला सांगा! पण ती बाजूला झाली.

"जा," ती निंगव्वाला म्हणाली. "तिनंच बोलावलंय."

दार लागलं. आत आणखीही बायका अडलेल्या होत्या. ओरडणं कुणाचं, रडणं कुणाच्या बाळाचं, काही कळत नव्हतं. दाराकडं बघवेना म्हणून गुरव्वा भिंतीकडं तोंड करून बाकावर बसली. तिचा हात गुडघ्यावर वर सरकत होता, खाली येत होता. दुपार कलली. चहा समोर आला, निवून गेला. दार कितीदा उघडलं, पण तिनं मान वळवली नाही.

मग मागून कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो थरथरत नव्हता. सावकाश कमरेपर्यंत उतरला आणि तिथं त्यानं तिला दोनदा थोपटलं.