आमच्या गप्प बसण्यावर

दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या कारूच्या माळावर मोबाइलला बंदी आहे. तिथल्या रेडिओ-दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्यांना आकाश ऐकायचं असतं, मध्ये आमची बडबड नको. माझी बहीण मार्लेन अडली तेव्हा तिचा नवरा गाडी हाणत शेजारच्या मळ्यावर गेला, तिथल्या तारेच्या फोनपर्यंत. अँब्युलन्स येईतो बाळ गेलं होतं.

आता तिला पुन्हा दिवस गेलेत. आणि त्या तबकड्यांना कुठल्याशा ताऱ्यावरून कुणाची तरी हाक ऐकू आलीय.

दुर्बीण-केंद्राचे फूरीसाहेब केक घेऊन चर्चच्या हॉलमध्ये आले. उत्तर पाठवायचंय, म्हणे, आणि त्यात इथल्या आईचा आवाज हवाय. मार्लेनचं पोट बघून गडी खूश. माझं डोकंच फिरलं.

"कोण आहेत ते?" मी विचारलं.

"अजून कळलेलं नाही, तान्नी." तान्नी म्हणजे आमच्याकडे मावशी.

"भले की बुरे?"

"तेही नाही."

"मग घरचा पत्ता कशाला देताय? फाटकाशी अनोळखी गाडी आली तर आपण आधी नाव विचारतो. तुम्ही तर 'या, या' करत सुटलात!"

"समितीनं ठरवलंय. सगळ्या मानवजातीच्या वतीनं."

"अस्सं! आणि त्या मानवजातीत आम्ही फक्त गप्प बसायला?"

मार्लेननं माझा हात दाबला. "मी बोलते, साहेब. पण दवाखान्याला लावायला घरी एक फोन द्या."

"नक्की देतो," फूरी म्हणाले.

तिनं कागदावरचं वाचलं, "या, तुमचं स्वागत आहे." पोटातल्या जिवासाठी बिचारीनं परक्यांना आवतण दिलं.

उत्तर गेलं. पुढच्या आठवड्यात फूरी पुन्हा आले, या खेपेला केकशिवाय. फोन मिळणार नाही. उलट बंदी आणखी कडक.

"त्यांचं उत्तर कधी येणार?" मार्लेननं विचारलं.

"साधारण ऐंशी वर्षांनी. पण मध्येही ते काही बोलतील. एक शब्दही निसटायला नको."

मार्लेन रडली नाही. पोटावर हात ठेवून बसून राहिली. तिचं ते बसणं मला बघवेना.

माझ्या दिरानं अपिंग्टन शहरातून उपग्रहावर चालणारा फोन चोरून आणलाय. तो सध्या माझ्या ॲप्रनच्या खिशात असतो. तिला पहिली कळ आली की मी फोन लावणार. ताऱ्यावरच्यांचं बोलणं बुडालं तर खुशाल बुडू दे. त्यांना बोलावताना आम्हाला कुणी विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारणार नाही.