अंजनाचं कुंकू

प्रमोदिनी गेल्याचं गुणाकररावांना कटंगीच्या बसस्टँडवर कळलं. वैद्याकडून तिचं औषध घेऊन ते बालाघाटच्या बसची वाट पाहत होते. शेजारचा घनश्याम मोटारसायकलवर न्यायला आला. "काका, चला. काकू..." एवढंच तो म्हणाला. पुडी खिशातच राहिली.

घरी बाया जमल्या होत्या. सवाष्ण गेली म्हणून मळवट भरायचा होता, ओटी भरायची होती. अंजना तबक घेऊन पुढे झाली, तशी दुर्गाबाई म्हणाली, "तू राहू दे ना वं. तुह्या नवऱ्याचा तेरा वर्षं पत्ता नाही."

"पत्ता नाही. पण मेलेला कोणी पाह्यला का?" अंजना म्हणाली. "इचारा भाऊजींले. तेच होते संगं."

गुणाकररावांनी पाहिलं होतं. पासष्टच्या लढाईत त्यांनी विमान चालवलं, पदक मिळालं. एकाहत्तरला स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे बघूनच गावचा वसंता वैमानिक झाला होता, आणि नेमका त्यांच्याच हाताखाली आला. डिसेंबरातल्या त्या सकाळी, रेल्वे यार्डावरच्या हल्ल्यात, तो त्यांच्या उजव्या बाजूला होता. त्याचं विमान पेटलं आणि सरळ जमिनीत गेलं. हवाई छत्री उघडली नाही.

उतरल्यावर त्यांनी अहवालात लिहिलं, 'धुरामुळे दिसलं नाही.' त्या वेळी त्यांच्या क्वार्टरमध्ये वसंताची तीन महिन्यांची नवरी अंजना प्रमोदिनीसोबत मेथी निवडत बसली होती. चार दिवस जाऊ द्यावेत, मग सांगू, एवढाच विचार होता.

पुढे सरकारनं वसंताला मृत धरलं. अंजनानं धरलं नाही.

प्रमोदिनीला मात्र त्यांनी खरं सांगितलं होतं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला अंजना येऊन गेली की प्रमोदिनी दर वर्षी म्हणायची, "तोफांपुढे विमान घालता येते तुमाले, अन् एका बाईपुढे तोंड उघडता येत नाही." मागच्या महिन्यात दवाखान्यात म्हणाली, "मी गेल्यावर तरी सांगा तिले."

"हौ," ते म्हणाले होते.

"भाऊजी, सांगा ना यांले," अंजना म्हणाली.

सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी प्रमोदिनीकडे पाहिलं.

"भरू द्या तिले ओटी," ते म्हणाले.

अंजनानं मळवट भरला. बोटाला राहिलेलं कुंकू स्वतःच्या कपाळाला लावलं आणि प्रमोदिनीच्या पायांवर डोकं ठेवलं. "ताई, मलेही असंच जाऊ द्या. त्यांच्या आधी."

तेरावं होऊन दोन महिने झाले. अंजना दर सोमवारी गुणाकररावांसाठी डबा घेऊन येते, ते जेवेपर्यंत समोर बसते. त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही.